ऑक्सिजनच्या रिक्त जागा तिसऱ्या फेरीत संपतात: हा उत्प्रेरकाचा ऱ्हास, की मुळात तो उत्प्रेरक नव्हताच?

शोधछात्रा (प्रश्न)

नमस्कार. प्रकाशाच्या मदतीने कार्बन डायऑक्साइडचे कार्बन मोनॉक्साइड किंवा मिथेनमध्ये रूपांतर करणाऱ्या धातू-ऑक्साइडांवर मी काम करते. गेले काही महिने मी एकाच ठिकाणी अडले आहे. नुसते प्रयोग वाढवत राहण्यापेक्षा आधी विचार नीट करायला हवा, असे वाटल्यामुळे येथे विचारते आहे.

माझी पद्धत अशी आहे. अ‍ॅनाटेज या स्फटिकरूपातील टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी भुकटी सोडियम बोरोहायड्राइडबरोबर खलात घोटली, आरगॉनच्या प्रवाहात ३५० अंश सेल्सियसला तासभर तापवली, पाण्याने अनेकदा धुऊन वाळवली. भुकटी राखेच्या रंगाची झाली. जालकातील, म्हणजे स्फटिकातल्या अणूंच्या नियमित मांडणीतील, काही ऑक्सिजन अणू काढून तेथे रिक्त जागा, म्हणजे आपण सगळे ज्यांना व्हेकन्सी म्हणतो त्या, निर्माण करणे हा हेतू होता. ही ५० मिलिग्रॅम भुकटी काचेच्या बशीत पसरून सुमारे १०० मिलिलिटरच्या बंद पात्रात ठेवली, दमट कार्बन डायऑक्साइड भरला आणि ३०० वॅटच्या झेनॉन दिव्याखाली चार-चार तासांच्या फेऱ्या घेतल्या.

पहिल्या फेरीत सुमारे ०.६ मायक्रोमोल कार्बन मोनॉक्साइड मिळाला. मूळ पांढऱ्या भुकटीपेक्षा तो कितीतरी जास्त होता, त्यामुळे आनंद झाला. दुसऱ्या फेरीत तो दोन-तृतीयांशापेक्षाही कमी आला आणि तिसऱ्या फेरीत राखाडी व पांढऱ्या भुकटीत सांगण्यासारखा फरक उरला नाही. पात्र उघडल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. दिव्याकडचा थर जवळजवळ पांढरट झाला होता, पण चमच्याने हलकेच खरवडल्यावर खालची भुकटी अजून राखाडीच होती.

एक्सपीएसमध्ये, म्हणजे क्ष-किरणांनी पृष्ठातून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजण्याच्या तंत्रात, ऑक्सिजनच्या मुख्य शिखराच्या बाजूला ५३१.५ इलेक्ट्रॉन व्होल्टजवळ खांदा वाढलेला दिसतो. अनेक शोधनिबंधांत त्यालाच रिक्त जागांचा पुरावा म्हटलेले असल्यामुळे मीही तसेच लिहिले आहे. माझ्या रिक्त जागा भरून जात आहेत का, त्या खात्रीने मोजायच्या कशा, आणि टिकतील अशा रिक्त जागा घडवता येतात का, याबद्दल मार्गदर्शन मिळाल्यास आभारी राहीन.


पृष्ठरसायन

तुमच्या प्रश्नातील सर्वांत मोलाचे निरीक्षण चमच्याने खरवडण्याचे आहे. जेथे प्रकाश पोहोचला तेथेच रंग गेला, याचा अर्थ जेथे अभिक्रिया झाली तेथेच रिक्त जागा खर्च झाल्या, अशी दाट शक्यता आहे. म्हणून उत्प्रेरक का थकला हे विचारण्याआधी तो उत्प्रेरक होता का, हे विचारले पाहिजे.

जालकातून उदासीन ऑक्सिजन अणू निघून जातो तेव्हा त्याच्याकडचे दोन इलेक्ट्रॉन मागे राहतात आणि बहुधा शेजारच्या टायटॅनियमवर स्थिरावून त्याला चारऐवजी तीन धनभाराच्या अवस्थेत आणतात. आता कार्बन डायऑक्साइडपासून कार्बन मोनॉक्साइड होण्यासाठी काय लागते ते पाहा: नेमके दोन इलेक्ट्रॉन आणि एक ऑक्सिजन अणू उतरवून ठेवायला जागा. या दोन्ही गोष्टी एकाच रिक्त जागेत तयार असतात. त्यामुळे एक रिक्त जागा एक रेणू कार्बन मोनॉक्साइड देऊन स्वतः भरून जाऊ शकते. तशी ती गेली, तर ती अभिकारक ठरते. बोरोहायड्राइडने भट्टीत जे क्षपण केले, तेच तुम्ही दिव्याखाली हप्त्याहप्त्याने वसूल करता आहात, असा त्याचा अर्थ होईल.

याचा हिशेब मांडायला दोन मिनिटे लागतात आणि तो प्रत्येकाने मांडावा, असे मला फार मनापासून वाटते. ५० मिलिग्रॅम टायटॅनियम डायऑक्साइड म्हणजे सुमारे ६२६ मायक्रोमोल, म्हणजे त्यात सुमारे १,२५० मायक्रोमोल ऑक्सिजन अणू आहेत. त्यांपैकी शेकडा एक जरी निघाला असेल, तरी १२.५ मायक्रोमोल रिक्त जागा झाल्या. तुमचे पहिल्या फेरीचे ०.६ मायक्रोमोल उत्पादन समजावण्यासाठी एकूण ऑक्सिजनच्या शेकडा ०.०५ इतक्याच रिक्त जागा पुरतात. दुसऱ्या बाजूनेही पाहा. भुकटीचे पृष्ठफळ ग्रॅममागे ५० चौरस मीटर धरले आणि एका चौरस नॅनोमीटरवर उघडे टायटॅनियम अणू सुमारे ५ धरले, तर तुमच्या नमुन्यात अशी सुमारे २१ मायक्रोमोल स्थाने आहेत. म्हणजे पहिल्या चार तासांत पृष्ठावरच्या प्रत्येक तीस-पस्तीस स्थानांमागे एकच रेणू तयार झाला. चक्र एकदाही पूर्ण फिरल्याचा पुरावा या आकड्यांत नाही.

चक्र फिरते आहे हे दाखवायचे असेल, तर इलेक्ट्रॉन पाण्याकडून आले हे दाखवावे लागेल, म्हणजे ऑक्सिजन वायू मोजावा लागेल. कार्बन मोनॉक्साइडच्या दोन रेणूंमागे ऑक्सिजनचा एक रेणू निघायला हवा. तुमच्या फेरीत ०.३ मायक्रोमोल ऑक्सिजन अपेक्षित आहे आणि तेवढा ऑक्सिजन अवघ्या ०.०३५ मिलिलिटर हवेत असतो. सिरिंज एकदा टोचली की तेवढी हवा आत जाऊ शकते. म्हणून प्रत्येक नमुन्यात नायट्रोजनही मोजा. हवेत नायट्रोजन व ऑक्सिजन यांचे प्रमाण सुमारे ३.७ ला १ असते, त्यामुळे नायट्रोजनवरून गळतीचा ऑक्सिजन वजा करता येतो. उरलेला आकडा शून्याच्या आसपास असेल, तर इलेक्ट्रॉनांचा पुरवठा रिक्त जागांकडून किंवा कुठल्या तरी सेंद्रिय मळाकडून होतो आहे, असे धरून चालावे.

मळाचा मुद्दा कृपया हलक्यात घेऊ नका. भुकटीच्या पृष्ठावर राहिलेला सेंद्रिय अंश अतिनील प्रकाशात कार्बन मोनॉक्साइड व मिथेन देऊ शकतो, आणि मळातील कार्बनचा भाग उत्पादनात किती मोठा असू शकतो हे समस्थानिक वापरून केलेल्या कामांतून २०१० पासून या क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहे. रबरी बूच आणि निर्वातासाठी लावलेले ग्रीस हेही संशयितच आहेत. कार्बन डायऑक्साइडऐवजी दमट आरगॉन भरून तीच फेरी घ्या. हा प्रयोग एका दिवसाचा आहे आणि तो सर्वांत आधी करायला हवा.


जालक

वरील हिशेबाशी मी पूर्ण सहमत आहे. मी मोजणीबद्दल लिहितो, कारण ५३१.५ च्या खांद्याबद्दलचा गैरसमज इतका पसरला आहे की त्यावर मौन बाळगणे योग्य नाही.

रिक्त जागा म्हणजे तेथे ऑक्सिजन अणू नाही. जो अणू तेथे नाही, त्यातून एक्सपीएसमध्ये इलेक्ट्रॉन बाहेर पडणार नाही आणि त्याचे शिखरही दिसणार नाही. तो खांदा पृष्ठावरच्या हायड्रॉक्सिल गटांचा, चिकटलेल्या पाण्याचा आणि कार्बोनेटांचा असतो. रिक्त जागेवर पाण्याचा रेणू तुटून हायड्रॉक्सिल गट तयार होतात, हे रूटाइलच्या (टायटॅनियम डायऑक्साइडच्या दुसऱ्या स्फटिकरूपाच्या) पृष्ठावर चांगले अभ्यासले गेले आहे, त्यामुळे खांद्याचा रिक्त जागांशी दुरून संबंध असू शकतो. पण तुम्ही भुकटी पाण्याने अनेकदा धुतली आहे. नुसत्या धुण्यानेही तो खांदा वाढेल. त्याऐवजी टायटॅनियमच्या शिखराकडे पाहा. नेहमीचे शिखर ४५८.५ ते ४५९ च्या आसपास असते आणि क्षपित टायटॅनियम असल्यास ४५७ च्या जवळ बारीक खांदा दिसतो. तो दिसला नाही, तरी एवढेच म्हणता येईल की पृष्ठापासून काही नॅनोमीटरपर्यंत क्षपित टायटॅनियम फारसे नाही. हवेत ठेवलेल्या नमुन्यात तसे होणे स्वाभाविक आहे, कारण हवेतला ऑक्सिजन वरच्या रिक्त जागा साध्या तापमानालाही भरू शकतो.

ईपीआर, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात एकट्या इलेक्ट्रॉनांचा शोध घेणारे तंत्र, अधिक भरवशाचे आहे, मात्र तेथेही सावध राहावे. द्रव नायट्रोजनच्या तापमानाला, ७७ केल्विनला, तीन धनभाराच्या टायटॅनियमचा संकेत जी-मूल्य (संकेताचे स्थान सांगणारा आकडा) २ च्या खाली, साधारण १.९६ ते १.९९ या टप्प्यात दिसतो. जी २.००३ जवळची तीक्ष्ण रेषा रिक्त जागेत अडकलेल्या इलेक्ट्रॉनची म्हणून सर्रास दाखवली जाते, पण कार्बनयुक्त मळातील मुक्त मूलकेही जवळजवळ तेथेच संकेत देतात. त्यामुळे त्या एका रेषेवर निष्कर्ष उभा करू नये. शक्य असेल तर ज्ञात प्रमाणकाशी तुलना करून फिरकींची, म्हणजे अशा एकट्या इलेक्ट्रॉनांची, प्रत्यक्ष संख्या काढा आणि प्रत्येक फेरीनंतर तीच मोजणी पुन्हा करा. पहिल्या फेरीत कमी झालेले इलेक्ट्रॉन आणि मिळालेला कार्बन मोनॉक्साइड यांचा मेळ बसला, तर तुमच्या प्रश्नाचे उत्तर हातात आले. हवेत तापवून वजनवाढ पाहण्याचा मोह होतो, पण शेकडा एक ऑक्सिजन परत येण्याची वाढ ५० मिलिग्रॅममागे अवघी ०.२ मिलिग्रॅम असते आणि उडून जाणाऱ्या पाण्याच्या वजनात ती सहज बुडून जाते.

आता जागेचा प्रश्न. रिक्त जागा किती आहेत यापेक्षा त्या कोठे आहेत याला अधिक महत्त्व आहे. रूटाइलच्या नेहमीच्या ११० पृष्ठावर (हे आकडे स्फटिकाचा पैलू दर्शवतात) त्या सर्वांत वरच्या ओळीतील ऑक्सिजनमध्ये असतात. अ‍ॅनाटेजच्या १०१ पृष्ठावर मात्र त्या वरच्या थराखाली राहणे पसंत करतात. म्हणजे तुमच्या पदार्थात भट्टीने निर्माण केलेल्या रिक्त जागांपैकी बऱ्याच कार्बन डायऑक्साइडच्या रेणूला भेटतच नसतील. आत खोल असलेली रिक्त जागा इलेक्ट्रॉन व होल (प्रकाशाने इलेक्ट्रॉन उचलला गेल्यावर मागे राहणारी धनभारित उणीव) यांना एकत्र आणून संपवणारे केंद्र बनते आणि प्रकाशाने मिळालेली ऊर्जा उष्णतेत वाया जाते. यामुळेच क्षपण वाढवत नेले की उत्पादन आधी वाढते आणि पुढे घसरते. तुम्ही तापमान किंवा वेळ वाढवून भुकटी अधिक काळी करण्याच्या विचारात असाल, तर थांबा.

काळ्या रंगाचे आकर्षण मला समजते. २०११ मध्ये हायड्रोजनच्या २० बार दाबाखाली, २०० अंशांना, पाच दिवस ठेवून काळे टायटॅनियम डायऑक्साइड तयार केल्याचे प्रसिद्ध झाले, तेव्हापासून सगळेच त्यामागे लागले. अ‍ॅनाटेजचा ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्टचा बँड गॅप (इलेक्ट्रॉनला मोकळे होण्यासाठी ओलांडावी लागणारी ऊर्जेची दरी) सुमारे ३८८ नॅनोमीटरपर्यंतचाच प्रकाश घेतो आणि सूर्यप्रकाशात अतिनील भाग शेकडा ४-५ च असतो, हे पाहता ती ओढ रास्तही आहे. परंतु शोषलेला प्रत्येक फोटॉन कामाला येतोच असे नाही. क्षपित टायटॅनियमच्या ऊर्जा-पातळ्या वहनपट्ट्याच्या (मोकळ्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जा-पट्ट्याच्या) खाली साधारण ०.७ ते १ इलेक्ट्रॉन व्होल्टवर असतात आणि तेथे अडकलेल्या इलेक्ट्रॉनजवळ क्षपणासाठी पुरेशी ऊर्जा उरत नाही. शिवाय काळी भुकटी दिव्याखाली तापते. वेगवेगळ्या तरंगलांबींना स्वतंत्रपणे उत्पादन मोजल्याशिवाय आणि भुकटीचे तापमान नोंदवल्याशिवाय दृश्य प्रकाशाचा दावा मी स्वीकारणार नाही.


शोधछात्रा

आपण दोघांनी इतक्या तपशिलाने लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. मी आरगॉनची फेरी लगेच घेतली. कार्बन डायऑक्साइड नसतानाही पहिल्या तासात थोडा कार्बन मोनॉक्साइड आला आणि पुढच्या तीन तासांत जवळजवळ काही आले नाही. म्हणजे मळाचा वाटा आहे, पण सगळे उत्पादन त्यातून आलेले नाही. नायट्रोजनवरून गळती वजा केल्यावर कार्बन डायऑक्साइडच्या फेरीत ऑक्सिजन सापडला नाही.

आता समस्थानिकाचा प्रयोग करण्यासाठी १३ भारांकाच्या कार्बनचा डायऑक्साइड मागवावा का, असा विचार आहे. आणि राखाडी भुकटीचा वाढीव परिणाम रिक्त जागांमुळेच आहे, बोरॉन किंवा सोडियमच्या अंशामुळे नाही, हे कसे वेगळे करावे?


पृष्ठरसायन

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. राखाडी भुकटीचा एक भाग हवेत ४०० अंशांना तापवून पुन्हा पांढरा करा. रिक्त जागा भरतील, पण बोरॉन व सोडियम तेथेच राहतील. हा नमुना मूळ पांढऱ्या भुकटीइतकाच मंद निघाला, तर श्रेय रिक्त जागांकडे जाते. तो अजूनही सक्रिय असेल, तर मग सोडियममुळे पृष्ठ अधिक आम्लारिधर्मी होऊन कार्बन डायऑक्साइड जास्त चिकटतो आहे का, हे पाहावे लागेल.

समस्थानिकाचा प्रयोग जरूर करा, पण त्याच्याकडून काय सिद्ध होते आणि काय होत नाही, हे आधी मनाशी स्पष्ट असू द्या. उत्पादनात २९ भाराचा कार्बन मोनॉक्साइड दिसला, तर कार्बन हा भरलेल्या वायूतून आला एवढे कळते. इलेक्ट्रॉन कोठून आले याबद्दल त्यातून काहीच कळत नाही. रिक्त जागा स्वतः खर्च होऊन १३ भारांकाचा कार्बन तितक्याच सहजतेने क्षपित करील आणि आलेख अगदी देखणा दिसेल. दुसरी काळजी अशी की मूळ वायूचा रेणूही मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये तुटून २९ चा संकेत देतो, म्हणून वायू क्रोमॅटोग्राफच्या स्तंभातून वेगळे करूनच आत सोडावेत. मिथेनच्या बाबतीत १७ चा संकेत पाण्याच्या तुकड्याशी गल्लत करतो, तेथेही हीच खबरदारी घ्यावी.


ऑक्साइडकार

चर्चा वाचत होतो. टिकणाऱ्या रिक्त जागा घडवता येतात का, हा तुमचा तिसरा प्रश्न अजून मोकळा आहे, त्यावर लिहितो.

रिक्त जागा दोन जातीच्या असतात आणि बोलताना आपण त्यांना एकाच नावाने संबोधतो, यातून बराच गोंधळ होतो. तुमच्या आहेत त्या क्षपणाने आलेल्या, इलेक्ट्रॉन बाळगणाऱ्या. त्यांना भरून जाण्याची ओढ असते. दुसऱ्या जातीच्या रिक्त जागा भाराचा तोल सांभाळण्यासाठी येतात. सिरियम डायऑक्साइडमध्ये चार धनभाराच्या सिरियमच्या जागी तीन धनभाराचे गॅडोलिनियम घातले, तर दर दोन गॅडोलिनियममागे ऑक्सिजनची एक जागा रिकामी राहावीच लागते. तिच्यात सुटे इलेक्ट्रॉन नसतात, त्यामुळे ऑक्सिजन वायू तिला भरत नाही. पाणी मात्र तेथे बसू शकते. अशी रिक्त जागा इंधनाचे काम करू शकत नाही, म्हणूनच तिच्यामुळे वाढलेले उत्पादन प्रामाणिक असण्याची शक्यता अधिक. तिचे काम रेणूला बसायला जागा देणे एवढेच असते आणि इलेक्ट्रॉन प्रकाशानेच पुरवावे लागतात.

बसायला जागा देणे हे लहान काम नाही. कार्बन डायऑक्साइडचा सरळ रेणू एका इलेक्ट्रॉनने क्षपित करायचा, तर सामू ७ ला सुमारे उणे १.९ व्होल्ट लागतात आणि अ‍ॅनाटेजचा वहनपट्टा उणे ०.५ च्या आसपास आहे. हा मार्ग बंदच आहे. रेणूचा एक ऑक्सिजन रिक्त जागेत टेकला आणि कार्बन शेजारच्या अणूकडे झुकला की रेणू वाकतो, त्याची रिकामी कक्षा खाली येते आणि प्रोटॉनांच्या सोबतीने दोन इलेक्ट्रॉन घेण्याचा उणे ०.५३ व्होल्टचा मार्ग आवाक्याजवळ येतो. रिक्त जागेची खरी किंमत मला या वाकवण्यात दिसते.

क्षपणाने आलेल्या रिक्त जागाच हव्या असतील, तर अभिक्रियेच्या आतच त्यांना पुन्हा रिकामे करणारे काहीतरी हवे. हायड्रॉक्सिलयुक्त इंडियम ऑक्साइड हे याचे मला आवडणारे उदाहरण आहे. त्यात रिक्त जागेलगतचा इंडियम आणि शेजारचा हायड्रॉक्सिल गट मिळून आम्ल-आम्लारीची अशी जोडी बनते की दोघे जवळ असूनही एकमेकांशी बंध करू शकत नाहीत. ही जोडी हायड्रोजनचा रेणू विषम रीतीने तोडते, कार्बन डायऑक्साइडचा कार्बन मोनॉक्साइड होतो, पाणी बाहेर पडते आणि स्थान पूर्ववत होते. येथे इलेक्ट्रॉनांचा खर्च हायड्रोजन उचलतो, हे उघडपणे मान्य केलेले असते. बिस्मथच्या ऑक्सिहॅलाइडांत प्रकाशानेच रिक्त जागा पुन्हा निर्माण होतात असे अनेकांनी दाखवले आहे, पण तेथे सुटलेला ऑक्सिजन मोजला आहे का, हे प्रत्येक वेळी पाहावे.

तुमच्या अ‍ॅनाटेजसाठी माझा सल्ला क्रम बदलण्याचा आहे. आधी पांढरी भुकटी हवेत ४५० अंशांना तापवून सेंद्रिय मळ जाळून टाका, मग बोरोहायड्राइडऐवजी शुद्ध हायड्रोजनमध्ये क्षपण करा, म्हणजे बोरॉनचा आणि धुण्याचा प्रश्नच उरणार नाही, आणि नमुना हवेत न आणता थेट पात्रात घ्या. दमट आरगॉनमध्ये प्रकाश देऊन भुकटी स्वच्छ करण्याचा मार्ग अनेक जण सुचवतील, पण तो क्षपणानंतर वापरू नका, कारण मळाबरोबर तुमच्या रिक्त जागाही त्यात जातील आणि काय गेले हे सांगता येणार नाही.


शोधछात्रा

हवेत तापवून पुन्हा पांढरा केलेला नमुना आज तपासला. तो मूळ पांढऱ्या भुकटीइतकाच मंद आहे, म्हणजे वाढ रिक्त जागांमुळेच होती आणि ऑक्सिजन न सापडल्यामुळे ती त्यांच्या खर्चातूनच झाली, असे मला आता मानावे लागते. लेखाच्या मसुद्यातून प्रति ग्रॅम प्रति ताशी दराचा तक्ता आणि ५३१.५ च्या खांद्याबद्दलचा परिच्छेद काढून टाकला आहे. हायड्रोजनची भट्टी पुढच्या आठवड्यात मिळेल. तोपर्यंत प्रत्येक फेरीनंतरची ईपीआर मोजणी करून घेते आणि फिरकींची संख्या कार्बन मोनॉक्साइडशी जुळते का, ते येथेच लिहिते.